सहज आले होते

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला एक सांगा. मागणं वाईट का हो?

नाही, गप्प बसू नका! मी खरंच विचारतोय. हे खांबाला टेकलेले बाबा म्हणतात – वाईट. बरं! मग आत्ता, भजन चालू असताना, देवासमोर डोळे मिटून काय चाललं होतं तुमचं? देवाची ख्यालीखुशाली विचारत होता? – मागतच होता ना! देवापुढं दोन्ही हात पसरायचे आणि माणसापुढं करंगळीसुद्धा नाही. का? तर देव गावात जाऊन कुणाला सांगत नाही म्हणून!

आणि माणसाचं कसं? पाहुणा येतो. भर दुपारी, दोन तालुके ओलांडून. पाणी झालं, चहा झाला, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, सगळं झालं. घरधनी विचारतो, "काय काम काढलंत?" पाहुणा म्हणतो, "काही नाही, सहज आलो होतो." सहज! आणि निघताना, एक पाय चपलेत, एक पाय उंबऱ्यात – "ते... तुमची ट्रॉली रिकामी आहे का हो उद्या?"

हसता काय! ते पाहुणे तुमच्यातलेच आहेत. दोघं तर पहिल्या रांगेत बसलेत, मी बघतोय.

आता जुनी माणसं सांगून गेली – भीड ही भिकेची बहीण. खरं आहे. पण दुसरी बाजूही आहे ना? ज्याच्या त्याच्या दारात वाकून वाकून ज्याचा कणाच राहिला नाही, तोही आपण पाहिलाय. मग मागावं कसं? मागणं कुठं संपतं आणि लाचारी कुठं सुरू होते? याचं उत्तर मला पोथीत नाही सापडलं. वसमतला सापडलं. ऐका.

वसमतला विश्वनाथ दुधाटे म्हणून मंडपवाले आहेत. लग्न, बारसं, सप्ताह – बांबू, कनाती, खुर्च्या, सगळं त्यांचं. सरळ माणूस. एकच घमेंड – "दुधाट्यांनी आजवर कुणापुढं हात पसरला नाही!" त्यांची लेक कस्तुरी. गावातल्याच कॉलेजात कॉमर्सला होती. तिथं एक घुगे सर म्हणून शिकवायला. एकदा पेपरात बातमी आली – एका मोठ्या कंपनीनं दुसरी कंपनी विकत घेतली. पोरीनं विचारलं, "सर, कंपनी काही बाजारात मांडून ठेवलेली नसते. मग तिची किंमत कोण ठरवतं? सौदा कोण जमवतं?"

सर म्हणाले, "इन्व्हेस्टमेंट बँकवाले. मुंबईत असतात."

"मग मला ते काम करायचंय."

सर हसले. "अगं, ते मोठ्या नावाच्या चार कॉलेजांत जाऊन पोरं उचलतात. आपल्याकडं येत नाहीत."

"काहून येत नाहीत?"

"आपल्याकडचं कुणी तिथं नाही म्हणून."

"आणि आपल्याकडचं कुणी तिथं काहून नाही?"

"ते येत नाहीत म्हणून!"

बघा मंडळी! आहे का यातून वाट? घाण्याच्या बैलासारखं तिथंच गोल. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? "आपल्या नशिबात नाही" म्हणून पोरीला तलाठ्याच्या परीक्षेला बसवलं असतं. पण पोरगी काय म्हणाली ऐका. म्हणाली, "ते येत नाहीत ना? ठीक आहे. रस्ता दोन्हीकडून असतो, सर."

आता ही इन्व्हेस्टमेंट बँक म्हणजे काय? वसमतच्या बायाबापड्यांनाही तोच प्रश्न पडला. एक मावशी म्हणाली, "पोरी, बँकेत लागलीस की माझ्या पासबुकावर शिक्का मारून दे." अहो मावशी, त्या बँकेत पासबुकच नाही! खिडकी नाही, लाइन नाही, पैसे काढायची चिठ्ठीसुद्धा नाही! ती बँक म्हणजे सोयरीक जमवणारा मध्यस्थ समजा. एक घर कंपनी विकायला बसलंय, दुसरं घ्यायला निघालंय. दोघंही एकमेकांकडं संशयानं बघतायत. हा मधला माणूस दोन्ही घरं पारखतो, खरं काय, फुगवलेलं काय, ते बघतो, किंमत मांडतो, आणि बैठक मोडू देत नाही. जमलं की आपली दक्षिणा घेतो. झालं का लक्षात? मग पुढं चला.

कस्तुरीनं शिकायला सुरुवात केली. कंपन्या दरवर्षी आपला लेखाजोखा छापतात, तो इंटरनेटवर फुकट असतो. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसून ती तो वाचायची. वीज गेली की घुगे सर म्हणायचे, "जा आता घरी." ही म्हणायची, "येईल हो सर, बसते." गावात नवरदेवाच्या घोड्यापुढं बँड वाजत असायचा आणि ही आपली कंपनीची किंमत काढत बसलेली. मला या पोरीचं कौतुक वाटतं ते इथूनच. कारण शिकवायला कुणी नव्हतं, शाबासकी द्यायला कुणी नव्हतं, आणि चुकलं तर चुकलं म्हणायलाही कुणी नव्हतं!

मग तिनं मुंबईतल्या माणसांना ईमेल लिहायला घेतले. इंग्रजीत हो, पण थाट सगळा तहसील कचेरीतल्या अर्जाचा! "महोदय, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती करण्यात येते की –" वर विषयच नव्हता! कोण उत्तर देणार? कुणीच दिलं नाही. मग घुगे सरांना आठवलं – परभणीच्या शाळेतली एक मुलगी पुढं मुंबईला अशाच बँकेत मोठी झाली. नीलांबरी उमरीकर. तिला लिहिलं. "एकदा भेटण्याची संधी द्यावी." बस, एवढंच. कशासाठी भेटायचं ते नाही लिहिलं. भीड!

आणि उत्तर आलं! "शुक्रवारी चार वाजता ये. पंधरा मिनिटं आहेत माझ्याकडे."

घरात लगीनघाई! आई म्हणाली, मोठ्या माणसाकडं रिकाम्या हातानं जाऊ नये. तिनं धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी केली, डबा बांधला. अण्णा, म्हणजे वडील, सोबत निघाले. रात्रभर गाडीत पोरीला एकच शिकवलं. "गेल्या गेल्या कामाचं बोलायचं नाही. आधी खुशाली विचारायची. आपण काही मागायला आलोय असं वाटता कामा नये."

पोहोचले. काचेची इमारत. अण्णा फाटकाबाहेर थांबले. आत जाताना सगळं सामान मशीनमधून सरकवावं लागतं. तिथल्या माणसानं पडद्यावर बघितलं, डबा बघितला, म्हणाला, "हे गोल गोल काय आहे?"

"धपाटे आहेत."

"किती वास सुटलाय! जा, जा वर."

नीलांबरीबाई बसल्या होत्या. साधी बाई, केस आवरलेले, बोलणं भरभर. डबा उघडला आणि विरघळल्याच. "अगं, धपाटे! किती वर्षांनी!" मग परभणी निघाली, शाळा निघाली, स्टेशनाजवळचा भेळवाला निघाला. कस्तुरी खुशाली विचारतेय – आई कशी, वडील कसे, मुंबईचं पाणी मानवतं का! आणि घड्याळ? घड्याळाला भीड नसते, मंडळी! ते चाललंच आहे. शेवटी बाईंनी मनगट बघितलं आणि विचारलं, "बरं, बोल. काय काम काढलं होतंस?"

आता! आता बोलायचं ना! यासाठी तर शिकली, यासाठी रात्र गाडीत काढली. पखवाजवाले, तुम्ही सांगा, काय म्हणाली असेल ती?

बरोब्बर! म्हणाली – "काही नाही मॅडम. सहज आले होते."

बाई म्हणाल्या, "छान वाटलं गं. येत जा." आणि मीटिंगला गेल्या.

कस्तुरी खाली आली. अण्णांनी विचारलं, "काय म्हणल्या?"

"धपाटे आवडले म्हणल्या."

"अन् कामाचं?"

"मी म्हणलं, सहज आले होते."

अण्णा म्हणाले, "बरोबर केलंस. पहिल्याच भेटीत हात पसरायचा नसतो. दुधाट्यांनी आजवर –"

"अण्णा," पोरगी मधेच म्हणाली, "पतंगे सावकाराच्या घरचं लग्नाचं काम तुम्हाला कसं मिळालं होतं?"

"कसं म्हणजे? लग्न ठरल्याचं कळलं. गेलो. म्हणलं, मंडप आमचा घ्या."

"त्यांनी बोलावलं होतं?"

"छे! मीच गेलो."

"मग तो हात पसरला का तुम्ही?"

"अगं येडे, तो धंदा झाला! मी त्यांना मंडप देणार होतो. फुकट थोडंच घेणार होतो काही?"

"मग मी काय फुकट घ्यायला आले का? मी पण शिकले ते घेऊनच आले ना?"

अण्णा फाटकाकडं बघायला लागले. माणूस हरला की दुसरीकडं बघतो! मग हळूच म्हणाले, "अन् नाही म्हणल्या तर?"

कस्तुरी म्हणाली, "तर नाही म्हणल्या. पण अजून त्या नाही म्हणल्याच नाहीत, अण्णा. त्यांच्या वतीनं मीच मला नाही म्हणून खाली आले."

ऐकलंत? पुन्हा सांगू? समोरच्यानं नाही म्हणायच्या आधी आपणच त्याच्या तोंडून आपल्याला नाही म्हणून मोकळे होतो! आणि वर त्याला नाव काय देतो? स्वाभिमान!

पोरगी वळली, फाटकाशी गेली. तोच मशीनवाला माणूस बाहेर उभा. म्हणाला, "पास जमा केलास ना? आता आत सोडता येत नाही."

कालची कस्तुरी असती तर मागं फिरली असती. आजची म्हणाली, "दादा, उमरीकर मॅडम खाली कधी येतात?"

तो म्हणाला, "सहाच्या सुमाराला समोरच्या टपरीवर चहाला येतात सगळे. पण मी सांगितलं म्हणू नकोस."

सहा वाजले. बाई आल्या, सोबत ऑफिसातली चार-पाच माणसं. हातात चहाचे कागदी कप. आणि कस्तुरी समोर जाऊन उभी.

"अगं, तू अजून इथंच? गाडी चुकली का?"

"नाही मॅडम. मी मघाशी खोटं बोलले. सहज नव्हते आले. मागायला आले होते."

सगळे कप जागच्या जागी थांबले! आणि नीलांबरीबाई काय म्हणाल्या असतील? "मला ठाऊकच होतं" म्हणाल्या असतील? नाही हो! कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "अगं बाई! मला खरंच वाटलं तू सहज आलीस! मी आज घरी सांगणार होते, गावाकडची एक गोड पोरगी नुसती भेटायला आली होती म्हणून. परभणी सुटली आणि 'सहज'चा अर्थच विसरले बघ मी."

सगळे हसले. कस्तुरीही हसली. ताण गेला.

"बोल आता. काय पाहिजे?"

"तुमच्याकडं मोठ्या कॉलेजांची मुलं मुलाखतीला बसतात. मला त्यांच्या रांगेत बसायचंय. नोकरी नाही मागत, मॅडम. रांगेत जागा मागते. पुढचं माझं मी बघते."

शेजारी एक तरुण उभा होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्यानं कॉलेजचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. तो म्हणाला, "कधी ऐकलं नाही. तिथून आमच्याकडे आजवर कुणी आलंय का?"

"नाही ना. म्हणजे तिथली जागा रिकामीच आहे."

बाईंनी चहा संपवला. लगेच हो म्हणाल्या नाहीत, मंडळी. तोलूनमापून काम करणारी बाई ती. म्हणाल्या, "एक कंपनी निवड. तिची किंमत काढ आणि ती कशी काढलीस ते लिहून पाठव. आठवडा देते."

घरी येऊन पोरगी कामाला बसली. मान मोडेस्तोवर काम केलं आणि पाठवलं. उत्तर काय आलं? एक ओळ. "मेहनत दिसते. पण पाया चुकलाय."

संपलं? आपण असतो तर संपलं असतं! "चुकलंय म्हणाल्या, आता कोणत्या तोंडानं बोलायचं?" कस्तुरीनं फोन लावला. "मॅडम, पाया कुठं चुकला ते मला सापडत नाही. सांगाल का?"

तिकडून हसू आलं. "तू धरलंस की धंदा पुढची सगळी वर्षं सारखाच वाढत जाईल. कुठला धंदा असा वाढतो गं?"

पोरीनं जीभ चावली. मंडपवाल्याची लेक! एखाद्या वर्षी लग्नाच्या तिथी दाट असतात, एखाद्या वर्षी अधिक महिना येतो, कनाती नुसत्या घड्या घालून पडतात. "मॅडम, आमच्या घरच्या मांजरालासुद्धा हे माहीत आहे. मी पुस्तक वाचता वाचता घर विसरले." पुन्हा मांडलं. पुन्हा पाठवलं. आणि रांगेत जागा मिळाली!

मुलाखतीला तिघं बसले होते. एकानं कागदावरून डोळे न काढता विचारलं, "तुमच्या कॉलेजचं नाव आम्ही कुणीच ऐकलेलं नाही."

ती म्हणाली, "मीही तीन वर्षांपूर्वी तुमचं नाव ऐकलं नव्हतं, सर. पण मी शोधलं."

तेव्हा कुठं त्यानं मान वर केली! मग प्रश्न सुरू झाले. काही आले, काही नाही आले. जे नाही आलं, ते नाही येत म्हणाली. शेवटी रिवाजाप्रमाणं त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय का?" सगळी मुलं इथं कंपनीचं गुणगान करणारा एखादा गुळगुळीत प्रश्न विचारतात. कस्तुरीनं विचारलं, "हो. मी तुम्हाला चालेन का? आणि चालत नसेन, तर कशात कमी पडले ते आत्ताच सांगा. म्हणजे पुढच्या वेळी तेवढं भरून येईन."

तिघं एकमेकांकडं बघायला लागले. मधले वयस्कर होते, ते म्हणाले, "घाई करतेस. अंदाज असा सांगतेस की जणू घडून गेलंय. अंदाजाला अंदाज म्हणायला शीक."

"म्हणेन, सर." उठली, नमस्कार केला, आली.

मग आलं ते वाट बघणं. अण्णा मंडपाच्या कामावरून आले की आधी पोरीच्या तोंडाकडं बघायचे. एक दिवस बांबू उतरवत होते, तेव्हा फोन वाजला. नीलांबरीबाई. "दोन महिन्यांच्या उमेदवारीवर घेतलंय तुला. कायम व्हायचं का, ते तुझ्या कामावर. सोमवारी ये."

अण्णा बांबू धरूनच उभे. पोरीच्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून पुढचा प्रश्न – "मॅडम, राहायची सोय कुठं होईल? तुमच्या ओळखीत आहे का एखादी खोली?"

बाई म्हणाल्या, "आता हिची भीड गेली ती गेलीच!" आणि खोली बघून दिली. दोन महिने झाले, पोरगी कायम झाली. आज त्याच काचेच्या इमारतीत आहे, दोन घरांची बैठक मोडू न देण्याचं काम करते.

आता मंडळी, रेघ कुठं ते सांगतो. जो आपलं काहीच पुढं न ठेवता मागतो, आणि नकार मिळाला की पाय धरतो, तो लाचार. कस्तुरीनं शिकलेलं पुढं ठेवलं, नकाराला पाठ दाखवली नाही, आणि मान खाली घातली नाही. हे मागणं. आणि यात देणाऱ्याचंही भलं असतं बरं का. त्या उमरीकर बाई इतकी वर्षं मुंबईत होत्या. आपल्या मुलखातल्या कुणीच त्यांना काही मागितलं नव्हतं. द्यायला हात तयार होता, घ्यायला कुणी आलं नव्हतं.

मी घरातलं सांगतो, थोडंच. आमची मंडळी शेवटी अंथरुणावर होती. तिला भीड नव्हती. म्हणायची, "अहो, जरा इथं बसा." म्हणायची, "उशी सारखी करा." म्हणायची, "काहीतरी म्हणा, पण कीर्तनातलं नको!" मागून घ्यायची. तिनं मागितलं म्हणून मला कळलं, काय द्यायचं. नसतं मागितलं, तर मी दाराशी नुसता उभा राहिलो असतो. आज तिला जाऊन वर्ष होत आलं. त्या दिवसांतलं तेवढंच माझ्याजवळ आहे, आणि ते पुष्कळ आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्यातल्या कुणाच्या तरी पोराला काहीतरी शिकायचंय आणि तो बापाशी बोलत नाही. कुणाला तरी भावाला म्हणायचंय, चल, झालं गेलं विसरू. एखादी सून इथं बसलीय, तिला माहेरी जायचंय, आणि ती रोज भाकरी थापताना वाक्य जुळवतेय. बोला की! समोरच्याच्या वतीनं स्वतःला नाही म्हणू नका. त्याचं नाही त्याला म्हणू द्या. तुमचं मागणं तुम्ही म्हणा.

आणि दुसऱ्याला शहाणपण सांगून स्वतः गप्प बसणारा मी नव्हे. माझंही एक मागणं आहे. कीर्तन झालं की तुम्ही महाराजांचं ताट आतल्या खोलीत वाढता. पाट, रांगोळी, समोर कुणी नाही. मान म्हणून करता, मला कळतं. आज ते नको. बाहेर पंगत बसेल, तिथं दोन माणसांच्या मधे मला जागा द्या. कुणीतरी म्हणा, महाराज, भाजी घ्या. मी म्हणेन, वाढा.

चला, सगळ्यांनी एकदा त्या देणाऱ्याचं नाव घ्या, मोठ्यानं – आणि मग पानं मांडा.